घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन घरात आलं, दिवाळी आटोपली की आर्वी, पुलगाव, दारव्हा, कारंजा अशा गावांतून नेपाळला निघणाऱ्या गाड्या आता दिसू लागल्या आहेत. पर्यटन पुरवण्यांमध्ये त्या मार्गाची वर्णनंही येतात. सोनौलीची सीमा, बुटवल सोडलं की तिनाऊ नदीची अरुंद दरी, तानसेन, रामदीला काली गंडकीवरचा पूल, आंधीखोलाच्या काठाने वालिंग, स्याङ्जा आणि शेवटी पोखरा. रस्ता देखणा आहेच, आपल्या लोकांनी तो जरूर पाहावा. पण स्टिअरिंगवरचा माणूस विदर्भाच्या सपाटीवर गाडी शिकलेला असतो, याचा विचार त्या लेखांत होत नाही. गाडी शिकवणारे वर्गही तालुक्याच्या सरळ रस्त्यावर चार फेऱ्या मारून घेतात आणि सोडून देतात.

उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. इंधन वाचतं असा समज. कार्बोरेटरच्या गाडीत त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर इंधन सोडणंच थांबवतात, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जळतच असतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर गाडी रोखून धरण्याचं सगळं काम एकट्या ब्रेकवर येतं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. ब्रेकच्या बूस्टरमधला, म्हणजे पेडल दाबायला मदत करणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो आणि स्टिअरिंग जड होतं.

तानसेनहून रामदीकडे उतरताना काय होतं ते पाहा. सात सीटर गाडी माणसांनी भरलेली, टपावर बॅगा, पाय सतत ब्रेकवर. आधी लायनर जळाल्याचा वास येतो. मग पेडल कडक लागतं, पण गाडी हवी तशी धरत नाही. पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. तरीही पाय उचलला नाही तर पेडल एकाएकी मऊ पडतं आणि खालपर्यंत जातं. तेव्हा ब्रेक ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जुनं तेल लवकर उकळतं. डॉट 3 प्रतीचं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शिरल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. दोन वर्षं झाली असतील तर निघण्यापूर्वी ते बदलाच, नुसतं वरून भरू नका. कोणतं घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

उतरण्याची रीत सोपी आहे. जो घाट ज्या गिअरवर चढला असता, त्याच गिअरवर तो उतरायचा. भरल्या गाडीला बहुतेक वेळा दुसरा, फारच तीव्र वळणावर पहिला. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि त्या झटापटीत गाडी न्यूट्रलवरच धावते. वेग चाळीसवर गेला की ब्रेक नीट दाबून पंचविसावर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे डिस्कला हवा लागते. पाय नुसता टेकवून ठेवणं हेच घातक. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून घाबरू नका, आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर इंजिनाला काही होत नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’त न ठेवता मॅन्युअल, ‘एल’ किंवा ‘2’ वर घ्या.

वास आलाच तर रुंद जागा पाहून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. हॅन्डब्रेकही ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून उताराच्या बाजूने चाकांना दगड लावा आणि निघताना ते दगड आठवणीने बाजूला काढा. वळणावर पडून राहिलेला असा दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. दरड पडून रांग लागली तर चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका, हॅन्डब्रेक लावा. प्लेट जळाली तर बुटवल किंवा पोखऱ्याशिवाय सोय होणं कठीण.

हा सराव करायला नेपाळ गाठायची गरज नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आपल्याकडेच आहे. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर, तानसेन सुमारे 1,350 वर. जितकी माणसं आणि सामान नेणार तितकंच भरून एकदा चढा-उतरा. रिकाम्या गाडीवर केलेला सराव कामाचा नाही. वाटेतही जबलपूर-रीवा मार्गे जाताना प्रयागराजच्या अलीकडे सोहागी घाटाचा उतार लागतो. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे बसचा भीषण अपघात झाला होता. तो घाट रात्री, झोपेच्या भरात उतरू नका.

कागदपत्रांत लोक विमा विसरतात. आपली नेहमीची पॉलिसी सीमेपलीकडे लागू होत नाही. विमा कंपनीकडून नेपाळपुरता भौगोलिक विस्तार आधी पॉलिसीवर चढवून घ्यावा लागतो. सीमेवर भन्सार (नेपाळच्या सीमाशुल्क) कार्यालयात मूळ आरसी आणि परवाना दाखवून दिवसांप्रमाणे शुल्क भरायचं. एक दिवस जास्तीचा घ्या, कारण दरडीमुळे अडकलात आणि मुदत संपली तर दंड होतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र हवं. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत तिथले पोलीस फार कडक आहेत.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर उत्तम. आकाश स्वच्छ असतं, 6,993 मीटरचं माछापुच्छ्रे शिखर पोखऱ्यातूनच दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुरकटीत डोंगर हरवतात आणि डिसेंबरअखेर उत्तर प्रदेश व तराईत दाट धुकं असतं. पावसाळ्यात मात्र जाऊच नका. 12 जुलै 2024 ला नारायणघाट-मुग्लिङ रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या. बुटवलजवळच्या सिद्धबाबा भागात कोरड्या दिवसांतही दगड येतात. तो टापू दिवसाउजेडी, न थांबता ओलांडा. फोटो काढायला पुढे भरपूर जागा आहे.

परतीला निघण्याआधी पोखऱ्यातच चाकं काढून पॅड पाहून घ्या आणि जाडी तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर तिथेच बदला. तानसेन ते बुटवल हा लांब उतार परतीच्या वाटेवर शेवटी येतो, आणि तोवर ब्रेक बरेच झिजलेले असतात.

– आर्वी तालुक्यातील काही टुरिस्ट गाडीचालक व मेकॅनिक, जि. वर्धा