केहिमकर आडनाव आम्ही कुणाकडून उसनं घेतलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या ज्यूंवरचा लेख वाचला. गप्प बसायचं ठरवलं होतं पण रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं म्हणून सकाळी लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतली आहे, मलिद्याचं, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाचं, वर्णन चांगलं आहे, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नावही नीट छापलंय, त्याबद्दल मनापासून आभार. पण आम्ही ओळख लपवायला मराठी आडनावं घेतली, असं जे त्यात लिहिलंय ते तुम्ही छापलंत कसं? आणि उदाहरण कुणाचं, तर केहिमकरांचं. म्हणजे आमचं.

आमचे पूर्वज किहीममध्ये राहायचे, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. कोकणभर बेने इस्रायलांना, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे ते याच्यामुळेच. ज्या माणसाला अख्खं गाव त्याच्या सुट्टीच्या वारावरून ओळखतं तो लपवणार काय आणि कुणापासून?

आडनावं कशी पडली हे तुमच्या लेखकाने अलिबागच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. किहीममध्ये राहतोय तोवर कुणाला कुणी केहिमकर म्हणत नाही. गाव सोडून अलिबागला, पेणला, मुंबईला गेलं की लोक विचारतात कुठले, आणि मग तेच नाव चिकटतं, पुढे मुलांना लागतं. दिवेआगरचे ते दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, नवगावचे नवगावकर, थळचे थळकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडून बसा, आमच्या समाजाची यादी गावागणिक सापडेल तुम्हाला. यातली कित्येक आडनावं हिंदूंमध्येही आहेत, दिवेकर तर चित्पावनांमध्येसुद्धा आहेत. मग दिवेकर ब्राह्मणांनी ते आडनाव कुणाकडून घेतलं असं कधी लिहिता का तुम्ही? त्यांना ते गावावरून मिळालं आणि आम्हालाही गावावरूनच मिळालं. फरक एवढाच की त्यांना कुणी पुरावा मागत नाही.

इतिहास हवा असेल तर तोही आहे. मुंबईत पहिलं आलं ते दिवेकरांचं घराणं, १७४६ साली. त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि १७९६ ला त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बांधलं, ज्याला आमच्यात आजही जुनी मशीद म्हणतात. सामाजी, हसाजी, दिवेकर. नाव पूर्ण मराठी वळणाचं आणि माणसाने स्वतःच्या पैशाने देवासाठी जागा बांधली, तीही भर वस्तीत. ओळख लपवणारा माणूस असं करतो का हो?

आणि केहिमकरांबद्दल बोलायचं तर हाईम सॅम्युएल केहिमकरांचं नाव त्या अख्ख्या लेखात एकदाही आलं नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. १८७५ मध्ये मुंबईत आमच्या मुलांसाठी शाळा काढली त्यात ते पुढे होते. बेने इस्रायलांचा पहिला सविस्तर इतिहास त्यांनी लिहिला, १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि छापून आला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला, ते गेल्यानंतर. त्यांनी आपल्या आडनावासकट स्वतःच्या समाजावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि १०० वर्षांनंतर त्याच आडनावाला तुम्ही मुखवटा ठरवता.

वर फोटो कुठला, तर काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगचा. ते १८८४ मधलं, ससून घराण्याने बांधलेलं, बगदादी ज्यूंचं. ते लोक बगदादहून व्यापाराला आले, डेव्हिड ससून १८३० च्या आसपास मुंबईत आले, तोवर आमच्या लोकांच्या कित्येक पिढ्या कोकणात घाण्यावर गेल्या होत्या. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, आडनावं वेगळी. त्यांचा आदर आहेच, पण केहिमकरांच्या लेखावर ससूनांचं सिनेगॉग कशाला? फोटो हवा होता तर अलिबागच्या इस्रायल आळीत जायचं होतं, मागेन आबोथ सिनेगॉग तिथे १८४८ पासून आहे, किंवा नवगावला जायचं होतं जिथे आमचे पहिले लोक जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो आणि जिथे त्यांचं स्मारक आहे. मुंबईहून बोटीने मांडवा आणि पुढे रिक्षा, एका दिवसात होतं.

आता मी एवढी का चिडले ते सांगते. माझे आजोबा रेल्वेत होते. भरती करून घेताना त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आजोबांचं नाव एवढंच लिहून घेतलं, आडनावाची जागा तशीच गेली. हे फक्त आमच्याच घरात झालेलं नाही. फौजेत, रेल्वेत, पोस्टात लागलेल्या आमच्या शेकडो लोकांचं असंच झालं आणि मग वडिलांचं किंवा आजोबांचं नाव हेच आडनाव होऊन बसलं. म्हणून आमच्यात इतके सॅम्युएल, बेंजामिन, मोझेस दिसतात. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे ते मुंबईचे महापौर होते, आणि घराणं राजपूरकर. नट डेव्हिड सगळ्यांना माहीत आहेत, पण ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे कागदावरून गळालं ते आमचं मराठी आडनाव, आणि उरलं ते ज्यू नाव. तुमच्या लेखाच्या बरोब्बर उलटं!

माझ्या पपांनी गॅझेटमध्ये देऊन केहिमकर परत लावलं. खर्च झाला, ऑफिसात लोकांनी विचारलं की चांगलं सॅम्युएल आहे ते का बदलता, तरी लावलं, कारण आजी मरेपर्यंत सांगायची की आपण केहिमकर.

आता २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. मध्यंतरी भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी सर्टिफिकेट काढायला एका सरकारी ऑफिसात गेलो, तर टेबलावरचे साहेब म्हणाले की केहिमकर म्हणजे तुम्ही इथलेच, ज्यू कसे असाल, सवलतीसाठी आता कोणीही काहीही सांगतं. मी म्हटलं इथलेही आहोत आणि ज्यूही आहोत. तर म्हणे आजोबांचा कागद आणा. आजोबांचा कागद दिला तर त्यावर आडनाव सॅम्युएल. मग म्हणे हे तर दुसरंच आडनाव, हे तुमचे आजोबा कशावरून? गॅझेटची कॉपी दिली तर म्हणे बघा, नाव तुम्हीच बदललंय. माझी वहिनी तिथेच रडायला लागली. दोन्हीकडून आम्हीच खोटे. आडनाव आहे म्हणून ज्यू नाही, आणि आडनाव नव्हतं म्हणून केहिमकर नाही. सिनेगॉगचं पत्र वगैरे देऊन सर्टिफिकेट मिळालं पण ते अ‍ॅडमिशनची तारीख उलटून गेल्यावर, मुलाचं व्हायचं ते नुकसान झालंच.

आता त्या साहेबांच्या टेबलावर तुमचा पेपर येत असेल तर त्यांनी रविवारी काय वाचलं असेल? की ज्यूंची मराठी आडनावं हे पांघरूण असतं. उद्या दुसरी कोणी झिराडकर किंवा वाकरूळकर तिथे उभी राहील तेव्हा तुमचं कात्रण तिच्यासमोर ठेवलं जाईल. तुमच्यासाठी ती एक ओळ आहे, आम्हाला त्यावर खेटे घालावे लागतात.

माझी आत्या साठच्या दशकात इस्रायलला गेली. तेव्हा तिथले धर्मगुरू बेने इस्रायलांच्या लग्नाला आडकाठी करत होते, आईची आई कोण, तिची आई कोण, सगळं खणून काढायचे. आमचे लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं केली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला तेव्हा बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. त्या काळात तिथे सगळे हिब्रू आडनावं घेत होते, तिलाही सांगितलं होतं लोकांनी की आडनावातलं ते '-कर' काढून टाक, सोपं जाईल. तिने काढलं नाही. लपवायचंच असतं तर त्याहून चांगली संधी कधी होती? तिच्या नातवंडांना मराठी धड येत नाही पण दारावरच्या पाटीवर हिब्रू अक्षरात केहिमकर आहे.

जाता जाता अजून एक. मागे मी रोश हशानाच्या वेळी चिकाच्या हलव्यावर पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही अर्धं कापून छापलंत आणि शीर्षक दिलंत 'ज्यूंची दिवाळी'. रोश हशाना म्हणजे आमचं नवं वर्ष, दिवाळीशी त्याचा काही संबंध नाही. पत्रं कापायची असतील तर कापा, जागेची अडचण असते हे कळतं, पण आमच्या सणाला दुसऱ्या सणाचं नाव देऊ नका. भारतात आता आम्ही चार-पाच हजार उरलोय, आमच्यावर वर्षातून एखादा लेख येतो, तोच वाचून लोक आम्हाला ओळखतात. म्हणून तो तरी बरोबर असावा एवढीच अपेक्षा आहे.

तर विनंती अशी की येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापावी, आतल्या पानात खाली कोपऱ्यात नको. ऑनलाइन लेखातलं ते वाक्य काढावं आणि फोटो बदलावा. लेखकाला ठाण्याला पाठवा, इथलं सिनेगॉग १८७९ चं आहे, शनिवारी सकाळी कोणीही भेटेल, मी स्वतः त्यांना लोकांशी गाठ घालून देईन आणि घरी जेवायलाही बोलवेन. आणि दुरुस्तीत नाव केहिमकर असंच छापा, लेखात एके ठिकाणी किहिमकर आणि एके ठिकाणी केहेमकर झालंय.

आपली,
एक केहिमकर, ठाणे