धार लावायला दिलेला बोन्साय कटर निकामी होऊन परत आल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

महोदय / महोदया,

माझा कॉनकेव्ह कटर (बोन्सायची फांदी खोडालगत कापण्याचे, आतून पोकळ पात्यांचे अवजार) आणि छाटणीची कात्री मी आपल्या कंपनीच्या धार लावून देण्याच्या सेवेकडे सोपवली होती. दोन्ही अवजारे चकचकीत होऊन परत आली, पण कटर आता फांदी कापत नाही, चेंगरतो. फोनवर तक्रार केली तेव्हा "जाड फांदी किंवा तार कापली असेल" असे सांगून विषय संपवण्यात आला. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

पाती मिटवून कटर उजेडासमोर धरला की दोन्ही टोके भिडलेली दिसतात आणि मधोमध उजेडाची बारीक फट दिसते. छाटून टाकलेल्या डहाळीवर वापरून पाहिला. दोन्ही बाजूंनी लाकूड तुटले, मधला सालीचा पट्टा तसाच राहिला आणि ओढताच डहाळीवरून खाली सोलत गेला. जिवंत झाडावर हे झाले असते तर सालीखालचा हिरवा थरही फाटला असता. जखम भरून येते ती त्याच थरातून. कॉनकेव्ह कटरने फांदीच्या जागी किंचित खोलगट खाच राहते, कडेची साल तिच्यावर हळूहळू चढते आणि खोडावर गाठ न उरता व्रण सपाट बसतो. त्यासाठी खाचेची कड स्वच्छ कापलेली हवी. चेंगरलेली कड वाळते, मागे सरकते आणि जखम मोठी होते.

नुकसान कशाने झाले ते पात्यांवरच दिसते. माझ्या कटरचा धारेचा उतार बाहेरच्या बाजूला आहे, आतली बाजू पोकळ आहे. अशा अवजाराची धार बाहेरच्या उतारावर, मूळ कोन सांभाळून, ओल्या दगडावर हाताने लावायची असते. साधारण १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचे माप, आकडा वाढला की कण बारीक) दगड, मग त्याहून बारीक. आतल्या बाजूला फक्त धारेवर उमटलेली खरखरीत कड हलकेच काढायची. आपल्याकडे मात्र आतल्या पोकळ भागावरच ग्राइंडर फिरवलेला आहे. त्याच्या आडव्या रेघा बोटाच्या नखाला लागतात. तार कापल्याने धारेला खाचा पडतात. आतल्या बाजूला एकसारख्या आडव्या रेघा पडत नाहीत.

त्याहून गंभीर म्हणजे एका पात्याच्या टोकाशी निळसर झाक आली आहे. कार्बन पोलादावर हा रंग साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास चढतो. म्हणजे घासताना पाते पाण्यात बुडवून थंड केले गेले नाही आणि पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरले. तेवढा भाग आता मऊ पडला आहे. त्यावर कितीही चांगली धार लावली तरी ती टिकणार नाही. हा दोष पुन्हा घासून जाणारा नाही, हे आपल्या कारागिरांना मी सांगायला नको.

दोन्ही दांड्यांच्या मध्ये जो छोटा अटकाव असतो, त्याला हातही लागलेला नाही. पात्यांचे पोलाद घासून कमी झाले की हा अटकाव कानशीने किंचित उतरवावा लागतो, नाहीतर पाती पूर्ण मिटतच नाहीत. इथे तर पोलाद भरपूर काढले आहे.

कात्रीचे नुकसान कमी आहे. तिच्या आतल्या सपाट बाजू सुदैवाने वाचल्या, पण चकाकी आणण्याच्या नादात काळा थर उडवला आणि तेलाचा हात न देताच प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवली. रिव्हेटभोवती गंजाचे ठिपके आले आहेत. काम झाल्यावर चीक पुसून, अवजार कोरडे करून तेलाचा पातळ हात फिरवायचा, हे आपल्याच माहितीपत्रकात छापलेले आहे.

कटर देण्याआधी काढलेली आणि परत आल्यानंतरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आधीच्या छायाचित्रात धार बोथट आहे, पण पाती पूर्ण मिटलेली आहेत आणि कुठेही खाच नाही.

कटर दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे, म्हणून त्याच जातीचा आणि मापाचा नवा कटर मिळावा. धार लावण्याचे शुल्क परत करावे. कात्रीचा गंज काढून ती हाताने, दगडावर धार लावून द्यावी, आणि हे काम बोन्सायची अवजारे ओळखणाऱ्या माणसाकडेच द्यावे. तसा माणूस आपल्याकडे नसेल तर ही सेवा घरगुती कात्र्या-सुऱ्यांपुरती ठेवावी आणि तसे स्पष्ट लिहावे. आपल्या नावावर भरवसा ठेवून लोक वर्षानुवर्षे जपलेली अवजारे पाठवतात.

पाहणीसाठी कटर पाठवायला मी तयार आहे. मात्र तो आहे त्या स्थितीत तपासावा आणि माझ्या लेखी संमतीशिवाय त्याला पुन्हा ग्राइंडर लावू नये. छाटणीचा हंगाम तोंडावर आहे, तेव्हा उत्तर लवकर आणि लेखी द्यावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: छायाचित्रे आणि सेवा शुल्काची पावती