द्राक्षशिवारात धावताना बागेचं वेळापत्रक पाळा

मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, गोवर्धन, सावरगाव, दुगाव या रस्त्यांवर पहाटेपासून धावणारे दिसू लागतात. जानेवारीतल्या मविप्र (मराठा विद्या प्रसारक संस्थेच्या) आणि मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे असतात, शनिवार-रविवारी मुक्कामाला आलेले पाहुणेही असतात. धरणाचं पाणी, द्राक्षाच्या ओळी आणि सौम्य चढउतार एकत्र मिळणारी अशी वाट राज्यात फार ठिकाणी नाही. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर घडल्या. इथे जास्तीत जास्त लोकांनी धावावं असंच आम्हाला वाटतं. फक्त इथली वाट ठरवताना मोबाईलवरच्या नकाशाआधी बागेचं आणि पाटाचं वेळापत्रक पाहायला हवं. ते न पाहिल्यामुळे धावणाऱ्यांना त्रास होतो, बागायतदारांनाही होतो.

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर चालते. छाटल्यावर एक-दोन दिवसांत काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात. ओल्या काड्यांना हात लावू नये, ओळींमधून धावू नये. हे रसायन अंगात गेलेलं असताना मद्य घेतलं तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, मळमळतं. धावून झाल्यावर वायनरीत जायचा बेत असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला याची फारशी भीती नाही. फोटोसाठी बागेत शिरणाऱ्याला आहे.

पुढे पोंगा अवस्थेपासून, म्हणजे कोंब फुटू लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. या दिवसांत पाऊस पडला किंवा दाट दव आलं की बागायतदार थांबत नाही. छोट्या ट्रॅक्टरमागे पाचशे-सहाशे लिटरची टाकी आणि पंखा लावलेला फवारणीचा ब्लोअर उजाडायच्या आत बागेत उतरतो, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. धावणाऱ्यांची वेळ तीच. म्हणून साधा नियम असा : रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी बागांच्या रस्त्याने जाऊ नका, नदीकाठ किंवा गावातला रस्ता धरा. वाटेत ब्लोअरची घरघर ऐकू आली तर थांबा, वारा कुठून येतोय ते पाहा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. पानांवर आणि तारांवर निळसर-पांढरे ठिपके दिसले तर ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक आहे. पण बाकीच्या बऱ्याच औषधांचा डागही दिसत नाही, म्हणून पान स्वच्छ दिसलं तरी बाग सुरक्षित समजू नये. तोंडाला रुमाल बांधून पुढे पळणं हा उपाय नव्हे. धावताना श्वास खोल जातो आणि कापडाचा रुमाल औषधाचं धुकं अडवत नाही.

तहान लागली म्हणून ठिबकच्या नळीचं किंवा बागेतल्या कॉकचं पाणी कधीही पिऊ नये. त्याच नळीतून व्हेंचुरीने (खत पाण्यात ओढून घेणाऱ्या जोडणीने) विद्राव्य खतं सोडतात आणि खत मिसळलेलं पाणी साध्या पाण्याइतकंच नितळ दिसतं. दहा किलोमीटरपेक्षा जास्त जाणार असाल तर निदान अर्धा लिटर पाणी जवळ ठेवा. ओआरएस घेणार असाल तर पाकीट एक लिटरचं आहे का ते वाचा. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं केलं, तर द्रावण दुप्पट खारट होतं आणि पोट बिघडतं.

अंधारात धावणाऱ्यांसाठी सर्वांत वाईट वस्तू म्हणजे ओळीच्या टोकाची ताणाची तार. वेलींच्या मांडवाचा किंवा वाय आकाराच्या आधाराचा शेवटचा लोखंडी अँगल आत झुकू नये म्हणून तार बाहेर तिरकी ओढून जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. ती बांधापर्यंत, कधी थेट पायवाटेपर्यंत येते. उंची नडगीइतकी, रंग गंजलेला. डोक्यावरच्या विजेरीचा उजेड चार पावलं पुढे असतो आणि तार पायाशी असते, त्यामुळे ती दिसतच नाही. बांधाच्या कडेने जायचंच असेल तर उजाडल्यावर जा आणि शेवटच्या अँगलपासून दोन मीटर लांब राहा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे तोडणी झाल्यावरच्या छाटणीनंतर, कापलेल्या काड्या बांधावर पडतात. त्यांची तिरकी टोकं मऊ तळाच्या बुटात सहज घुसतात, तेव्हा त्या महिन्यात डांबरी रस्ताच बरा.

दुसरी वाट गंगापूर डाव्या कालव्याची. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूला पाटाचा भराव बऱ्याच ठिकाणी मुरमाचा आणि सपाट आहे, गाड्या कमी, गुडघ्यांना डांबरापेक्षा मऊ. लांब पल्ल्याच्या सरावाला आम्ही हीच वाट आधी सुचवू. पण आवर्तन सुरू झालं, म्हणजे शेतीसाठी पाटाला पाणी सोडलं, की भराव बदलतो. पाझर असेल तिथे मुरूम खाली मऊ होतो आणि वर कोरडा दिसतो. खेकड्यांची बिळं गवताखाली लपलेली असतात आणि पाय मुरगळण्याचे बहुतेक प्रकार तिथेच होतात. म्हणून गवत असलेली कड सोडून चाकोरीतून धावा. भराव एका बाजूला कललेला असतो, त्याने एकाच पायाच्या घोट्यावर आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो. ज्या काठाने गेलात त्याच काठाने परत या, म्हणजे परतीत तो ताण दुसऱ्या पायावर जातो. पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या काठाने परतलं तर तोच पाय पुन्हा भरडला जातो. अस्तर केलेल्या पाटात हातपाय धुवायला उतरू नये. कड तिरकी, शेवाळलेली असते आणि पाणी वाहतं असलं तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

नदीकाठाबद्दल थोडक्यात. सोमेश्वरच्या धबधब्याजवळचा काळा दगड ओला असताना धावण्यासारखा नाही, तिथे चालावं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर काठावरची वाट सोडावी, मग आकडा कितीही लहान असो. नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पुराचा अंदाज घेतात; पण तो रामकुंडाजवळ, खाली शहरात आहे. वर सोमेश्वरला धावणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी मागे सरकतं आणि गाळाची मोकळी जमीन उघडी पडते. वरची पापडी तडकलेली, वाळलेली दिसते आणि खाली चिखल असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. धरणाची भिंत ही तर धावायची जागाच नव्हे, तिथे परवानगीशिवाय जाऊ नये.

निफाड, दारणाकाठ इथे उसाला लागून जाणाऱ्या वाटा पूर्ण उजाडल्याशिवाय धरू नयेत. बिबट्याचा वावर पहाटे आणि तिन्हीसांजेला असतो आणि ऊसतोड सुरू झाली की तो आसरा शोधत फिरतो. तिघा-चौघांनी बोलत जावं, कानात इअरफोन नको, बूट बांधायला उसाच्या कडेला खाली वाकून बसू नये. दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. निफाडचा पारा फार उतरतो त्या रात्री मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांत शेकोट्या करून धूर धरतात. तो धूर सूर्य वर येईपर्यंत जमिनीलगत राहतो, दमा असलेल्यांनी त्या सकाळी उशिरा निघावं.

मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपासून, बागेची राखण कडक होते. ओळखदेख नसलेला माणूस पाठीवर पिशवी घेऊन बांधावर दिसला तर राखणदार हटकणारच. थांबून नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा, विषय संपतो. निर्यातीच्या बागेत कोण आलं-गेलं याची नोंद ठेवावी लागते आणि मिलीबग या किडीची बारीक पिल्लं कपड्यांना चिकटून एका बागेतून दुसरीत जातात, हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. जानेवारी ते मार्च तोडणीच्या गाड्या अरुंद रस्त्यांवरून भल्या सकाळी निघतात, कारण वाईनची द्राक्षं गारव्यात तोडावी लागतात. क्रेट भरलेली पिकअप वळणावर एकदम थांबू शकत नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा आणि वळणावर एकेरी रांग करा.

हे सगळं धावणाऱ्यांनी पाळायचं. काही गोष्टी मात्र यंत्रणेच्या हातात आहेत. 2027च्या सिंहस्थाच्या निमित्ताने परिसरातले रस्ते रुंद होत आहेत. डांबर वाढतं आणि साइडपट्टी चार बोटं खाली राहते, त्या कडेवर पाय वाकडा पडतो. निदान एका बाजूला दीड मीटर रुंदीची, डांबराच्या पातळीला दाबलेली मुरमाची पट्टी ठेवावी. शाळेत पायी जाणाऱ्या मुलांनाही ती लागतेच. जलसंपदा विभागाने आवर्तनाच्या तारखा पाटावरच्या पुलांजवळ फलकावर लिहाव्यात. ग्रामपंचायतींनी गावच्या चौकात एक साधी काळी पाटी लावावी आणि उद्या कोणत्या शिवारात फवारणी आहे ते बागायतदारांनी आदल्या संध्याकाळी तिच्यावर खडूने लिहावं. आमच्यातले बागायतदार हे काम आपल्या गावात सुरू करायला तयार आहेत. पाटी कुठे लावायची तेवढं ग्रामपंचायतींनी ठरवून द्यावं.

आपले,
गंगापूर-मखमलाबाद परिसरातील काही धावपटू व द्राक्ष बागायतदार,
नाशिक