बडोद्याची नोकरी घेतलीये

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई तू आधी रडली असतीस आणि बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन परत तुझ्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. बडोद्याची नोकरी घेतलीये. सही झाली, पुण्यात नोटीसपण दिली, त्यामुळे आता दादाला मधे घालू नका प्लीज, त्याला कालच सांगितलंय आणि तो तुमच्याच बाजूने बोलला.

काम हाय व्होल्टेज पॅनेल आणि केबल्सच्या टेस्टिंगचं आहे. हाय व्होल्टेज म्हटलं की आई तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं ते माहितीये मला, बाबा पावसात फॉल्टवर गेले की तू देवापुढे जाऊन बसायचीस आणि आम्हाला मुकाट जेवायला लावायचीस. ढेबेवाडीचं मी पण विसरलेली नाही. पण हे काम तसं नाहीये गं. चालू पॅनेल असेल तर दार उघडायचंच नाही, बाहेरून पत्र्याला सेन्सर लावायचा, केबलच्या अर्थच्या वायरवर क्लँप बसवायचा आणि स्क्रीन बघत बसायचं. उघडायचं ते शटडाऊन घेऊन, अर्थिंग करून, परमिट हातात आल्यावरच. त्या बाबतीत मी बाबांचीच मुलगी आहे.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही विचारणारच की पार्शल डिस्चार्जमध्ये (आई, म्हणजे इन्सुलेशन पूर्ण न फुटता एखाद्या जागी उडणाऱ्या बारीक ठिणग्या) रोज नवीन काय असतं, तर सगळी मजा तो कुठल्या जातीचा आहे हे ओळखण्यात आहे. पन्नास हर्ट्झची एक सायकल, म्हणजे २० मिलिसेकंद, स्क्रीनवर ० ते ३६० अंश अशी आडवी पसरलेली असते आणि प्रत्येक बारीक ठिणगी सायकलमध्ये जिथे उडाली तिथे एक ठिपका पडतो. पावसाळ्यात लाइनखालून जाताना तुम्ही मला थांबवून चर्रर्र आवाज ऐकवायचात ना, तो कोरोना. अणकुचीदार टोक लाइव्ह बाजूला असेल तर तो आधी निगेटिव्ह शिखरावर, २७० अंशांच्या आसपास दिसतो, आणि टोक अर्थच्या बाजूला असेल तर ९० वर. मोकळ्या हवेतला असेल तर बहुतेक वेळा त्याला घाबरायचं कारण नसतं.

घाबरायचं ते आतल्या पोकळीला. आई, इडलीत कशी जाळी पडते तशी इपॉक्सीत नाहीतर केबलच्या इन्सुलेशनमध्ये एखादी हवेची पोकळी राहून जाते. विजेचा ताण त्या हवेवर आजूबाजूपेक्षा जास्त येतो आणि हवा तर आधीच कमी ताण सोसणारी, त्यामुळे तिथे ठिणग्या सुरू होतात आणि आतल्या आत पोखरत जातात. याचे ठिपके दोन्ही अर्ध्या सायकलींत, व्होल्टेज चढत असताना, शिखराच्या आधी जमतात आणि दोन्हीकडे साधारण सारखे दिसतात. पृष्ठभागावरचा असेल तर दोन बाजू सारख्या नसतात. एखादा सैल नटबोल्ट कशालाच धड जोडलेला नसेल तर एकाच उंचीचे ठिपके सरळ ओळीत येतात, आणि जीआयएसमध्ये, म्हणजे गॅस भरलेल्या बंद स्विचगिअरमध्ये, धातूचा कण मोकळा फिरत असेल तर ठिपके सायकलभर कुठेही. पुस्तकात हे सगळं असं स्वच्छ दिसतं, साइटवर शेजारच्या मोटरच्या ड्राइव्हचा नॉइज त्यात मिसळलेला असतो आणि माझ्या मते निम्मं काम हा डिस्चार्ज नाहीच हे ठरवण्यात जातं.

सही करायच्या आधी त्यांनी मला एका कारखान्यात नेलं होतं, ११ केव्हीच्या पॅनेलवर. आतला डिस्चार्ज पकडणाऱ्या पत्र्यावरच्या सेन्सरला जवळजवळ काहीच मिळालं नाही, पण अल्ट्रासॉनिकचा हेडफोन लावला तर केबल बॉक्सपाशी कढईत पाणी पडल्यासारखा आवाज. म्हणजे आतला नाही, पृष्ठभागावरचा. शटडाऊन घेऊन उघडलं तर दोन फेजच्या केबल्स एकमेकींना टेकलेल्या, नेमक्या टेकल्या त्या जागी पांढरी भुकटी, आणि तुम्ही म्हणायचात तो ओझोनचा वास. वेळेवर सापडलं, नाहीतर तिथेच एक दिवस भडका उडाला असता. बाबा, पुण्यात इतकी वर्षं टेंडरच्या एक्सेल शीट भरून मला असं एकदाही वाटलं नव्हतं. पगार पण थोडा जास्तच आहे, पण ते कारण नाही, म्हणजे ते एकच कारण नाही.

राहायचं म्हणाल तर दांडिया बाजारजवळ खोली बघितलीये, घरमालकीणबाई मराठी आहेत, खाली किराणा, पाणी चोवीस तास, खिडक्यांना जाळ्या आहेत (आई, हे खास तुझ्यासाठी). डाळ गोड असते पण डबा लावणार नाहीये, कुकर नेतेय. पुण्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळपर्यंत बडोदा. गणपतीला येणार म्हणजे येणार, गौरीच्या साड्या माझ्याशिवाय नेसवायच्या नाहीत.

तुम्हाला सोडून लांब चाललेय असं नका समजू. मला अजून ताप आला की बाबांचा हात कपाळावर लागतो, हे त्या टेस्टिंगवाल्यांना सांगितलेलं नाही.

आता ऐका. बाबा, कानाचं मशीन कपाटात ठेवायला आणलेलं नाही. कमीपणा कसला त्यात? तो अल्ट्रासॉनिकचा आवाज ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा असतो, तो माझ्या कानांना पण ऐकू येत नाही, मी पण मशीन लावूनच ऐकते. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवता ना, तर ते कानात नीट बसलेलं नसेल, दाखवून या. शुक्रवारी साडेदहाची वेळ घेतलीये, दादा गाडी आणेल, आणि "पुढच्या महिन्यात बघू" चालणार नाही. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशी पण घ्यायची, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. गच्चीवर वाळवण घालायला वर चढू नकोस, गुडघा बरा वाटतोय म्हणून तर अजिबात नको. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बाबांनी स्वतः भरायचं नाही, माणूस बोलवा, दोनशे रुपये मी देते.

कांदा-लसूण चटणी दादाबरोबर पाठव. डब्यात नको, पिशवीत बांध, डबे तू नंतर परत मागत बसतेस.

तुमची
मनू