रविवारचा कामाइरिचा आणि किटल्यांबद्दल

सदस्यहो, या रविवारी कामाइरिचा, म्हणजे कढईत परतलेल्या पानांचा जपानी हिरवा चहा, करणार आहोत. जपानमध्ये बहुतेक हिरवा चहा वाफवतात. क्यूशू बेटावर मियाझाकी, सागा भागात मात्र काही जण अजूनही ताजी पानं तापल्या लोखंडी कढईत परततात. म्हणून पानं वळलेली, तुरटपणा कमी आणि वास खमंग. पाणी ८० ते ९० अंशांचं घ्या.

आता किटल्या. गेल्या वेळी जपानमधल्या तोकोनामे शहराच्या लाल मातीच्या किटलीला कुणीतरी भांड्यांचा साबण लावला! बिनझिलईची माती वास धरते हो. चोथा लगेच काढा, नुसत्या गरम पाण्याने विसळा, झाकण बाजूला ठेवून पूर्ण वाळू द्या. जाळीतली पानं मऊ ब्रशने काढा. तोटी जपा, टवका तिथेच उडतो.

कप आपापले आणावेत.