दोन टक्क्यांचा हिशोब वेगळा, राखेचा वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीज कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या जाहिराती आजकाल अर्धं अर्धं पान भरून येऊन राहिल्या. शाळेला बेंच दिले, बचत गटाला शिलाई मशीन दिल्या, पावसाळा लागला की साहेब लोक हातात रोपटं घेऊन उभे. चांगलंच आहे, बेंच मिळाले तर पोरं खाली बसत नाहीत, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण या सगळ्या फोटोंच्या खाली "शाश्वत विकास" असं लिहिलेलं दिसलं की माझी सटकते, कारण बेंच वाटणं आणि जळालेल्या कोळशाची राख सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि कंपन्या ती एकाच ताटात वाढून राहिल्या.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे याच सामाजिक जबाबदारीवर, खर्च करायचे, आणि जिथं कंपनी काम करते त्या आजूबाजूच्या भागाला आधी प्राधान्य द्यायचं. २०२१ मध्ये नियम बदलले त्यात अजून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती जाहिरातीत कधीच येत नाही. दुसऱ्या कुठल्या कायद्यानं जे काम तुमच्यावर बंधनकारकच आहे ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही धरता येत नाही. म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अटीत जो हरित पट्टा लावायला सांगितला तो लावला तर तो उपकार नाही, ती अट आहे. राखेवर पाणी मारणं, राख नेणाऱ्या हायवा ट्रकवर ताडपत्री टाकणं, हेही अटीतलंच. पण जाहिरातीत झाडांचा एकच आकडा असतो, त्यातली अटीची किती आणि मनानं लावलेली किती हे कोणी वेगळं सांगत नाही, आणि दोन वर्षांनी त्यातली जगली किती हे तर विचारूच नका.

आता राखेचं. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. एक युनिट वीज बनवायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख झाली. मे महिन्यात ज्या घरी कूलर, पंखे, फ्रिज मिळून ३०० युनिट येतात त्या घराच्या नावानं महिन्याला ७५ किलो राख कुठंतरी पडून राहिली. मी हे कूलरच्या हवेत बसूनच लिहून राहिलो, त्यामुळं वीज नकोच असं म्हणायचा मला हक्क नाही आणि माझं म्हणणंही ते नाही. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन नवे संचच मिळून १९८० मेगावॅट होतात, खापरखेड्याला १३४०, मौद्याला २३२०, एवढी वीज आपल्या नागपूर जिल्ह्यात बनते आणि जाते सगळ्या राज्यात, राज्याच्या बाहेरही. राख मात्र इथंच राहते. मुंबईच्या लिफ्टची राख कोणी मुंबईला नेत नाही.

या राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्राची अधिसूचना आहे. राख शंभर टक्के वापरायची, विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव, बंद खाणी भरणं, असे वापर सांगितलेत, जुन्या साठलेल्या राखेला दहा वर्षं दिली, आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई. कागद चांगला आहे. पण जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या शेतात घुसलं, हे पेपरांनीच छापलं होतं. राख सुकली की उन्हाळ्यात धुळीसारखी उडते, पावसात चिखल होऊन वाहते, आणि एकदा का शेतात तिचा थर बसला की त्या वावरात काय पिकते ते शेतकऱ्याला विचारा. तिथं शाळेला बेंच देऊन भागत नाही ना भाऊ.

धुराचंही तसंच. डिसेंबर २०१५ ला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली, त्यासाठी चिमणीच्या आधी एफजीडी म्हणजे धुरातला सल्फर काढणारं यंत्र बसवायचं, त्यात चुनखडीच्या पाण्यानं वायू धुतात आणि खाली जिप्सम मिळतं. मुदत दिली दोन वर्षांची. मग ती वाढली, मग परत वाढली, आणि जुलै २०२५ ला केंद्रानं देशातल्या बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच देऊन टाकली. १० लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत जी केंद्रं आहेत त्यांना मात्र २०२७ च्या अखेरपर्यंत बसवायचंच आहे. नागपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच २४ लाख होती. मग आपल्या जिल्ह्यातला कोणता संच सुटीत पडतो, कोणता सक्तीत आणि काम कुठवर आलं, हे कंपन्यांनी एका पानात मराठीत छापावं. दोनशे पानी चकचकीत इंग्रजी अहवाल काढायला पैसे आहेत तर याला काहून नाही?

एक गोष्ट मात्र मनापासून चांगली झाली, ती सांगायलाच पाहिजे. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला द्यायची सोय झाली, प्रकल्प १३० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर. तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचलं. याची जाहिरात कोणी खास केली नाही, बघा. मला विचाराल तर वीज कंपनीनं समाजासाठी केलेलं काम ते हेच, कारण ते धंद्याच्या आत शिरून केलं, धंद्याच्या बाहेर चार खुर्च्या मांडून नाही.

आता फिरता दवाखाना घ्या. बऱ्याच कंपन्या तो चालवतात, गाडी येते, डॉक्टर बीपी शुगर बघतात, गोळ्या देतात, अहवालात येतं की इतक्या हजार लाभार्थ्यांची तपासणी केली. पण त्या गाडीच्या रजिस्टरमध्ये दम्याचे किती, खोकल्याचे किती, डोळे चुरचुरायचे किती, कोणत्या गावातून जास्त आणि कोणत्या महिन्यात जास्त, हे सगळं लिहिलेलं असणारच. माणसांची नावं सोडून तेवढी बेरीज ग्रामपंचायतीत लावून द्या. राखेच्या तळ्याजवळच्या गावाचे आकडे लांबच्या गावासारखेच निघाले तर कंपनीचंच नाव होईल, आणि नाही निघाले तर गावाला कळेल. कंपन्यांना हे नको वाटेल हे मला माहीत आहे, म्हणून तर म्हणून राहिलो.

आणि कंत्राटी कामगार! राखेच्या पाइपलाइनवर, कोळशाच्या बेल्टवर, राखेचे बंद टँकर म्हणजे बल्कर भरायला जी पोरं असतात ती बहुतेक ठेकेदाराची. त्यांचा मास्क, त्यांचा पीएफ, त्यांची वर्षाची छातीची तपासणी, हे तर सीएसआरमध्ये धरताच येत नाही, म्हणून फोटोतही येत नाही.

मला वाटतं तुमच्या पेपरनं एक करावं. चिमण्यांवर ऑनलाइन मीटर लागलेले आहेत, त्यांचे आकडे प्रदूषण मंडळाकडे चोवीस तास जातात, म्हणजे नवीन काही मोजायचं नाही. कळमना बाजाराचे संत्र्याचे भाव छापता त्याच्या बाजूला दोन इंचाची जागा काढा, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिन्ही केंद्रांची कालची धूळ किती, सल्फर किती, मर्यादा किती, एवढंच रोज टाका. मंडळानं दिले नाहीत तर त्या जागेत "आकडे मिळाले नाहीत" असं छापा, तेही रोज.

आपला एक वाचक,
झिंगाबाई टाकळी, नागपूर