मनू, तू जाच

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ब्रेकअपसाठी कोणी समुपदेशकाकडे जातं का?" जातात, बाळा. इतक्या वर्षांचं नातं तुटल्यावर झोप उडते, घास उतरत नाही, कामात मन लागत नाही. तुझं तेच चाललंय. मग उपचार घ्यायला संकोच कसला?

आई म्हणते, स्थळं बघायला लागू, आपोआप विसरेल. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. ओली जखम घेऊन तू कुणाच्या घरी जावंस, हे मला पटत नाही.

समुपदेशक त्याला परत आणून देणार नाही, की त्याला विसरायची गोळीही देणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि मानसोपचारक कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे मनातल्या चुकीच्या समजुती तपासून बदलायची रीत, मला फार मोलाची वाटते. तो गेला याचं दुःख होणं वेगळं आणि 'तो गेला म्हणजे माझ्यातच खोट आहे' असं धरून बसणं वेगळं. दुःख होऊ दे, ते खरं आहे. पण ती दुसरी गाठ एकटीनं सुटत नाही. समोरच्यानं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, "याला पुरावा काय?" आम्ही विचारलं तर तुला ते उलटतपासणीसारखं वाटेल, म्हणून तिथे परकं माणूसच हवं.

पाटी बघून जाऊ नकोस. शिक्षण विचार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेही विचार. एकीशी सूर जुळला नाही तर दुसरीकडे जा. झोपेसाठी औषध लागेल असं वाटलं, तर समुपदेशकच तुला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. तेही घे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवायची असते. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर ऑफिसला कळणार नाही. तू तिथे काय बोललीस, हे मीही विचारणार नाही.

रात्री जीव फार घाबरला, तर १४४१६ लाव. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि जगणं नकोसं वाटलं, तर किती वाजलेत ते न बघता मलाही उठव.

पैसे खात्यात टाकलेत. पहिल्या भेटीला सोबत हवी असेल तर कळव, सांगलीहून पहाटेच्या गाडीनं निघेन आणि बाहेर थांबेन.

तुझा,
बाबा